पागलखान्याची माती

आमच्या वऱ्हाडात कुणी तऱ्हेवाईक वागू लागला की लोक सहज म्हणतात, "याला नागपूरला पाठवा." पुण्याकडे हीच पाठवणी येरवड्याला होते, मुंबईत ठाण्याला आणि कोकणात रत्नागिरीला. गावाचे नाव पुरते, पुढचे सांगावे लागत नाही. या वाक्यात थट्टा असते आणि थोडी भीतीही असते. ज्या ठिकाणांवरून ही थट्टा चालते ती मनोरुग्णालये ब्रिटिश अमदानीतली आहेत. नागपूरचे १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. एवढ्या वयाचा एखादा वाडा किंवा बुरूज असता तर आपण शाळेच्या सहली तिथे नेल्या असत्या.

आज मला बोलायचे आहे ते अशा जागांच्या मातीबद्दल. पुरातत्त्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हडप्पा येते, लेणी येतात, नाणी आणि ताम्रपट येतात. परंतु गेल्या काही दशकांत जगात ठिकठिकाणी पुरातत्त्वज्ञ कुदळ, ब्रश आणि चाळणी घेऊन बंद पडलेल्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळांत उतरले आहेत. 'वेड्यांचे इस्पितळ' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. ज्या काळाबद्दल बोलायचे, त्या काळाचा तोच शब्द होता. आमच्याकडे तर साधा 'पागलखाना'. आजच्या रुग्णालयांना तो लावू नये, हे सांगायला नको.

मी वाशीमचा. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. वाशीमच्या मुलांना पुरातत्त्वाची गोडी लावावी लागत नाही, कारण त्यांच्या पायाखालीच वत्सगुल्म आहे. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमलाच मिळाला आणि दान घेणाऱ्या ब्राह्मणांची नावे त्यात गोत्रांसह कोरलेली आहेत. शहराजवळच्या हिस्से-बोराळ्याला शिलालेख सापडला. शके ३८० मध्ये, म्हणजे इ. स. ४५८ मध्ये, देवसेन राजाच्या अमदानीत स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचा तलाव बांधवला, असे त्यावरून कळते. सुमारे साडेपंधराशे वर्षांपूर्वी तळे बांधणाऱ्याचे नाव आम्हाला ठाऊक आहे. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आमच्या मुलखातून ज्यांना असायलममध्ये धाडले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आमच्या गावच्या इतिहासात नाही. छापील सरकारी अहवालात ती माणसे आहेत, पण आकड्यांच्या रूपाने.

ही माणसे तिथवर पोचत कशी, ते थोडे सांगतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. सरकारी कागदांत त्याचे नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे होते. आमचे वाशीम तेव्हा इंग्रजी स्पेलिंगने 'बासीम' झाले होते आणि एका जिल्ह्याचे ठाणेही होते. हा जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत वाटला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १८५८ मध्ये वेड्यांच्या असायलमांचा कायदा झाला. रस्त्यात भटकणारा, धोकादायक वाटणारा किंवा घरच्यांनी टाकून दिलेला माणूस पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, डॉक्टरने दाखला द्यायचा आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने त्याची रवानगी करायची, अशी ती पद्धत. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा असला तरी साहेबाची कारभाराची घडी सगळीकडे एकच. वऱ्हाडासाठी अमरावतीलाही एक असायलम होते आणि त्याचे वार्षिक अहवाल छापले जात. आज राज्याची जी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत त्यांत अमरावती नाही. वाशीमला त्या काळी रेल्वे नव्हती. म्हणजे शिपायाच्या पहाऱ्यात, बैलगाडीतून, धुळीच्या रस्त्याने अकोल्याच्या बाजूला निघालेला तो प्रवास डोळ्यांपुढे आणा. ज्याला न्यायचे त्याला कुठे नेतात हे कुणी समजावून सांगितले असेल काय?

आता कागद काय सांगतात ते पाहू. त्या काळच्या हिंदुस्थानातल्या असायलमांचे अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर सर्वांना खुले केले आहेत. इतक्या लांबच्या ग्रंथालयाने ठेवलेले कागद आपण घरी बसून वाचू शकतो, याचे मला अजून नवल वाटते. पानोपानी तक्ते. किती आले, किती बरे होऊन गेले, किती वारले, माणशी खर्च किती पडला, रुग्णांच्या बागकामातून आणि विणकामातून किती उत्पन्न आले. आणि एक रकाना असतो वेडाच्या कारणाचा. या रकान्यात गांजा वारंवार भेटतो.

या गांजाची गोष्ट जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. गांजाने लोक वेडे होतात, सरकार त्यावर कर घेऊन तिजोरी भरते, अशी ओरड विलायतेत सुरू झाली तेव्हा १८९३ मध्ये सरकारने एक आयोग नेमला. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. सात सभासद, त्यांतले तीन हिंदी. त्यांनी देशभरात १,१९३ साक्षी घेतल्या, त्यांत वऱ्हाडातल्याही होत्या. परंतु आयोगाने खरे काम केले ते असायलमांच्या दप्तरात. १८९२ या एका वर्षात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या असायलमांत १,३४४ माणसे दाखल झाली होती आणि त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस लिहिलेले होते. आयोगाने ही एकेक केस मागे जाऊन तपासली. गावात चौकशी करवली, नातेवाइकांना विचारले. चौकशीअंती जिथे अमली पदार्थाचा संबंध मानता येईल अशा केसेस उरल्या ९८. निम्म्याहून अधिक गळून पडल्या.

मग रकान्यात गांजा आला कुठून? तर माणसाबरोबर पोलिसांचा एक वर्णनाचा कागद येई. त्यात कारणाची जागा रिकामी ठेवून चालत नसे. अंमलदाराने विचारायचे, हा गांजा ओढतो काय? कुणी म्हणायचे, ओढत असेल. बैरागी असला, फकीर असला, तर विचारायचीही गरज नाही. झाले, लागला शिक्का. तोच शिक्का असायलमच्या रजिस्टरात उतरला, तिथून वार्षिक अहवालात आणि अहवालातून पार्लमेंटातल्या भाषणात. सरकारी आयोगानेच सरकारी दप्तराचे असे पितळ उघडे पाडावे, हे विरळाच. मला यातून घेण्यासारखे एवढेच वाटते की, असायलमचा कागद हा दाखल करून घेणाऱ्याचा कागद आहे. दाखल झालेल्याचे म्हणणे त्यात कुठेही नाही. ते शोधायचे तर कागदाबाहेर शोधावे लागेल.

कागदाबाहेर म्हणजे कुठे, हे मला कळले ते ऑस्ट्रेलियातल्या एका उदाहरणावरून. टास्मानिया बेटावर न्यू नॉरफोक नावाचे गाव आहे. १८२७ मध्ये तिथे आजारी कैद्यांसाठी इस्पितळ सुरू झाले, पुढे ते मनोरुग्णांचे झाले आणि थेट २००० मध्ये बंद पडले. नाव रॉयल डर्वेंट हॉस्पिटल. या आवारातली एक इमारत स्त्री-रुग्णांची होती. तिच्या लाकडी व्हरांड्याच्या फळ्यांखाली जमीन आणि तक्तपोशी यांच्या मधल्या पोकळीत पुरातत्त्वज्ञांना एक साठा मिळाला. एक हजाराहून अधिक वस्तू. कापडाचे तुकडे, कागद, रोजच्या वापरातल्या बारीकसारीक गोष्टी. चुकून फटीतून पडलेल्या असत्या तर इतक्या आणि अशा पडल्या नसत्या. कुणा एका किंवा अधिक रुग्णांनी त्या तिथे लपवून ठेवल्या होत्या. लॉरेन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी त्यावरचा शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध केला.

बाजारात यातल्या एकाही वस्तूला कवडीची किंमत नाही. परंतु असायलममध्ये माणसाचे स्वतःचे असे काय उरते, याचा विचार करा. कपडे सरकारी, ताटली सरकारी, झोपण्या-उठण्याची वेळ सरकारी. कुलूप लावता येईल अशी पेटी नाही. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये 'असायलम्स' नावाचे पुस्तक लिहिले. अशा संस्थांच्या पोटात रुग्ण स्वतःचे एक चोरटे, खासगी आयुष्य कसे चालवतात, हे त्याने दाखवले. टास्मानियात त्या चोरट्या आयुष्याचा पुरावाच हाती आला. ज्या बाईला रजिस्टरने 'भानावर नाही' म्हटले असेल, ती चिंध्या जमवत होती, कुणाला दिसणार नाही अशी जागा हेरत होती आणि परत परत तिथेच ठेवत होती. हे बेभान माणसाचे काम नव्हे. वाशीमच्या बालाजीची मूर्ती धामधुमीच्या काळात जमिनीत पुरून वाचवली, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. जे जपायचे ते मातीत ठेवावे, ही बुद्धी माणसाला कुठेही सुचते.

सिडनीतल्या हाइड पार्क बराकीची गोष्ट थोडी वेगळी. तिथे १८६२ ते १८८६ या काळात निराधार, आजारी बायकांचा आश्रम होता. मनोरुग्णालय ते नव्हे, पण बंदिस्त आयुष्याची तऱ्हा तीच. तिथल्या तक्तपोशीखालून कापडाचे, शिवणकामाचे, कागदांचे अक्षरशः ढीग निघाले आणि ते जमवण्यात मोठा वाटा होता उंदरांचा! बिळे करण्यासाठी त्यांनी ओढून नेलेल्या चिंध्या आज संग्रहालयात आहेत. आपल्या घरातले उंदीर इतके गुणी का नाहीत, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

सगळीच उदाहरणे अशी हलकीफुलकी नाहीत. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात १८५५ ते १९३५ असे असायलम होते. त्या जागेवर पुढे वैद्यकीय विद्यापीठ उभे राहिले. २०१२ मध्ये रस्त्याच्या कामात शवपेट्या लागल्या, सहासष्ट. मग जमिनीची तपासणी केली तेव्हा तिथे सात हजारांपर्यंत दफने असावीत, असा अंदाज निघाला. २०२२ पासून ती काळजीपूर्वक बाहेर काढण्याचे काम सुरू झाले. ऑस्ट्रियातल्या हॉल गावी मनोरुग्णालयाच्या आवारात १९४२ ते १९४५ या नाझी काळातल्या दोनशेहून अधिक कबरींचे उत्खनन २०११ मध्ये झाले. उपासमार आणि हेळसांड यांचे पुरावे तिथे तपासले गेले. ज्यांच्या आजोबा-आजीचा मृत्यू 'न्यूमोनिया' म्हणून कळवला गेला असेल, त्यांच्या दृष्टीने या हाडांचे मोल काय असेल ते आपण समजू शकतो.

आपल्याकडे असे उत्खनन कुठल्या जुन्या मनोरुग्णालयात झाल्याचे ऐकिवात नाही. आणि झाले तरी ते पाश्चात्त्यांची नक्कल करून भागणार नाही. आपल्याकडे बहुतेकांचे दहन होते, हाडे मिळणार नाहीत. मुसलमान, ख्रिस्ती, काही समाज, साधू, लहान मुले यांची दफने सोडली तर कबरीवरून इतिहास लिहिण्याची वाट इथे अरुंदच. म्हणून आपल्याला इमारतीकडे आणि उकिरड्याकडे वळावे लागेल. उकिरडा म्हटला की लोक नाक मुरडतात. पण कुठल्याही उत्खननात खरा इतिहास बोलतो तो उकिरडाच. लोकांनी काय मिरवले ते देवळात दिसते, काय खाल्ले ते उकिरड्यात.

एका साध्या वस्तूचे उदाहरण घेऊ. काचेची बांगडी. दाखल झालेल्या बाईच्या हातातल्या बांगड्या काढून घेत असत की राहू देत? काचेने इजा होईल म्हणून काढून घ्यायच्या, असा नियम कागदावर असू शकतो. पण बायकांच्या वॉर्डाच्या फरशीखाली बांगड्यांचे तुकडे मिळाले, तर नियम आणि व्यवहार यांत अंतर होते असे ठरेल. मग तुकडे कोणत्या थरात मिळाले, बरोबर कोणत्या सालाचा पैसा सापडला, औषधाच्या बाटलीवर कुणाचा छाप आहे, विटेवर कोणत्या भट्टीची खूण आहे, यावरून काळ ठरवायचा. चिलमीचा तुकडा मिळाला तर फारच छान. ज्या गांजावरून इतकी दप्तरे भरली, तो आत पोचत होता काय, हे तरी कळेल. खिडकी जमिनीपासून किती उंच आहे, आतून बाहेरचे झाड दिसे की नुसते आभाळ, एकांतकोठडीचे दार कोणत्या बाजूने उघडे, विहीर आणि स्वयंपाकघर यांत किती पावले अंतर होते, हे सगळे मोजण्यासारखे आहे. त्यासाठी खणावेही लागत नाही. टेप, वही आणि थोडा वेळ एवढे पुरते.

मात्र वेळ फारसा हातात नाही. ठाण्याचेच पाहा. नरोत्तमदास माधवदास यांचे नाव या रुग्णालयाशी जोडलेले आहे. ठाणे आणि मुलुंड यांच्या मध्ये नवे रेल्वे स्थानक करायचे ठरले आणि त्यासाठी या रुग्णालयाची काही जमीन देण्याचा निर्णय झाला. उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याचा मार्ग मोकळा केला. मी स्थानकाच्या विरोधात नाही. लोकलच्या गर्दीत रोज चेंगरणाऱ्यांना स्थानक हवे आहे आणि रुग्णांनाही गळकी छपरे नकोत, नव्या इमारती हव्यात. माझे म्हणणे इतकेच की, पाडण्याआधी पाहावे. आपल्या कायद्यात शंभर वर्षांचे वय झालेली वास्तू पुरातन म्हणून संरक्षणास पात्र ठरू शकते. पण वय झाले म्हणजे संरक्षण आपोआप मिळत नाही, ते कुणीतरी मागावे लागते. किल्ल्यासाठी मागणारे पुष्कळ आहेत. पागलखान्यासाठी कोण मागणार?

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खरोखर वजनदार वाटतो. लोक म्हणतात, झाकलेले का उकरता? ज्या घरांनी ही गोष्ट दोन-तीन पिढ्या लपवली, त्यांच्या अब्रूचे काय? शाळेत असताना मी नववीच्या मुलांना आपापल्या घराण्याची वंशावळ लिहून आणायला सांगत असे. एका मुलाने आणलेल्या वंशावळीत पणजोबांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे जन्म, लग्न, मुले काहीच नव्हते. फक्त एक शब्द होता, 'नागपूर'. मी विचारले, नोकरीला होते का? मुलगा म्हणाला, घरात विचारले तर आजी गप्प बसली. मी पुढे काही विचारले नाही. त्या घरातल्या आजीचे गप्प बसणे मला समजते. म्हणूनच वाटते की, या कामात रुग्णांची नावे चव्हाट्यावर आणण्याचे काहीच कारण नाही. न्यू नॉरफोकच्या व्हरांड्याखालून जे कळले ते वस्तूंवरून कळले.

पण झाकून ठेवल्याने आजार थांबतो, असेही नाही. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते आणि सर्व धर्मांचे लोक आपल्या घरातल्या त्रासलेल्या माणसाला घेऊन तिथे जातात. श्रद्धेला मी नावे ठेवणार नाही, जिथे डॉक्टर दूर तिथे दर्गा जवळचा वाटतो. परंतु तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी काय झाले, ते विसरता येत नाही. झोपडीला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जागच्या जागी मेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्याला स्पष्ट मनाई केली आणि उपचारांबाबत त्याचे स्वतःचे म्हणणे विचारले जाण्याचा हक्क दिला. १८५८ च्या कायद्यात मॅजिस्ट्रेट, पोलीस, डॉक्टर सगळे होते, फक्त रुग्णाला तोंड नव्हते. तिथून इथवर यायला एकशे एकोणसाठ वर्षे लागली.

तेव्हा माझी सूचना अगदी साधी आहे. जिथे जुना वॉर्ड उतरवायचा असेल, तिथे बांधकाम खात्याच्या माणसांबरोबर जवळच्या विद्यापीठातले पुरातत्त्वाचे चार विद्यार्थी आठवडाभर असू द्यावेत. आधी प्रत्येक खोलीचा नकाशा आणि छायाचित्रे घ्यावीत. भिंतीवर कुणी काही ओरखडले असेल तर चुना खरवडण्याआधी ते टिपून ठेवावे. फरशी उचलली की खालची माती ट्रकमध्ये भरण्यापूर्वी चाळणीतून जाऊ द्यावी. बांगडीचा एक तुकडा मिळाला तरी तो डबीत ठेवावा आणि सोबत चिठ्ठी ठेवावी. कोणता वॉर्ड, कितवी खोली, फरशीखाली किती बोटांवर, कोणत्या तारखेला.